चिमाबुएचा क्रूस आणि ‘पूर्ववत’ हा शब्द

आपत्तीनंतरच्या जीर्णोद्धाराचे कौतुक करताना आपण ‘पूर्ववत’ हा शब्द फार सहज वापरतो. चर्च पूर्ववत उभे राहिले, ग्रंथालय पूर्ववत सुरू झाले, चित्र पूर्ववत दिसू लागले, असे आपण लिहितो आणि वाचणाऱ्यालाही बरे वाटते. या शब्दात कृतज्ञता पुष्कळ असते. चिकित्सा मात्र नसते. इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत १९६६ साली आर्नो नदीला आलेल्या पुरानंतर तेथील कलाधन वाचविण्यासाठी जो लोकोद्योग झाला, त्याचा महिमा जवळजवळ सहा दशके गायिला जात आहे. तो महिमा खोटा नाही. परंतु त्या साऱ्या खटाटोपात जी गोष्ट आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती कौतुकाच्या गर्दीत मागे पडते, आणि जिची वाखाणणी होते तिच्यात आम्हांला काही उणे दिसते. म्हणून हा लेखनप्रपंच.

घटना सर्वश्रुत असली तरी थोडक्यात सांगणे भाग आहे. ४ नोव्हेंबर १९६६ हा शुक्रवार होता आणि इटलीत राष्ट्रीय सुट्टीचा दिवस होता. पहाटे आर्नो पात्राबाहेर आली. शहराच्या सखल भागात, विशेषतः सांता क्रोचेच्या परिसरात, पाणी पाच मीटरांच्या वर चढले. हिवाळा तोंडावर असल्यामुळे घरोघरी उबेसाठी लागणाऱ्या तेलाच्या टाक्या नुकत्याच भरलेल्या होत्या. त्या फुटल्या आणि ते काळे तेल चिखलात मिसळले. त्यामुळे पूर ओसरल्यावर भिंतींवर, मूर्तींवर, पुस्तकांवर जे राहिले ते केवळ गाळ नव्हते, एक चिकट काळा लेप होता. शहर व आसपासचा प्रांत मिळून ३५ माणसे दगावली. बाप्तिस्मागृहाच्या ज्या सोनेरी द्वारावर गिबेर्तीने जुन्या करारातील प्रसंग कोरले आहेत, त्याच्या दहा फलकांपैकी पाच निखळून पडले. दोनातेल्लोची लाकडी मग्दालिया मरिया तेलाने माखली. सिनेगॉगमधील तोराच्या नव्वदच्या आसपास गुंडाळ्या भिजल्या. आर्नोच्या काठीच असलेल्या राष्ट्रीय ग्रंथालयातील दहा लाखांहून अधिक ग्रंथ, नियतकालिके व कागद पाण्याखाली गेले.

येथे एक अप्रिय गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे, कारण उत्सवी लेखनात ती सहसा येत नाही. फ्लॉरेन्सला पूर नवा नव्हता. १३३३ साली नेमक्या याच तारखेला, ४ नोव्हेंबरला, आर्नोने शहर बुडवले होते. त्यानंतर १५५७ व १८४४ साली पुन्हा. ज्या नगरीने भिंतींवर पूररेषा दगडात कोरून ठेवल्या, तिनेच विसाव्या शतकात नदीकाठी भव्य ग्रंथालय बांधले आणि पुस्तकांचे ढीगच्या ढीग तळघरात नि तळमजल्यावर रचले. नैसर्गिक आपत्ती म्हणून आपण ज्याचा उच्चार करतो, त्यात निसर्गाचा वाटा किती व कपाटांची जागा ठरविणाऱ्यांचा किती, हा हिशेब बहुधा कोणी मांडत नाही.

पाणी उतरल्यावर मात्र जे घडले ते विलक्षण होते. इटलीच्या कानाकोपऱ्यांतून, नंतर युरोप-अमेरिकेतून, तरुण मुलेमुली येऊ लागली. कोणी बोलावले नव्हते, राहण्याची सोय नव्हती. ग्रंथालयाच्या तळघरापासून वरपर्यंत माणसांची साखळी लागली आणि चिखलाने फुगलेली पुस्तके हातोहात वर येऊ लागली. तळघरातील दुर्गंधी इतकी भयंकर होती की तोंडावर मुखवटे चढवावे लागत. ‘कोरिएरे देल्ला सेरा’ या दैनिकाचे पत्रकार जोव्हानी ग्राझ्झिनी यांनी या तरुणांना ‘चिखलातील देवदूत’ म्हटले आणि ते नाव कायमचे चिकटले. झेफिरेल्ली यांनी रिचर्ड बर्टन यांच्या निवेदनासह अनुबोधपट काढला. अमेरिकेत इटलीच्या कलेसाठी समिती स्थापन झाली व जॅकलिन केनेडी तिच्या मानद अध्यक्षा झाल्या. पोप सहावे पॉल यांनी त्या वर्षीच्या नाताळची मध्यरात्रीची मिस्सा फ्लॉरेन्सच्या महामंदिरात अर्पण केली.

या देवदूतांविषयी आम्हांला आदर आहे. तरीही ‘देवदूत’ या शब्दाने एक अनर्थ केला असे आम्ही म्हणू. देवदूत येतो आणि जातो. काम मागे राहते. पुस्तक चिखलातून वर काढणे हे कामाचे पहिले पाऊल, आणि सर्वांत सोपे. पुढे त्याच्या पानांत भुसा नि टाल्कची भुकटी भरायची, टीपकागद घालायचा, तो भिजला की बदलायचा. हजारो ग्रंथ ट्रकांत भरून तंबाखू सुकविण्याच्या भट्ट्यांत नेण्यात आले. त्या उष्णतेने कागद वाळला खरा, पण चर्मपत्र आणि कातडी बांधणी यांना अशी धग सोसत नाही, ती आक्रसतात. उत्साहाच्या भरात काही ग्रंथांना पाण्याने जितके दुखावले तितकेच सुकविण्यानेही दुखावले. रेल्वे स्थानकाच्या उष्णताकेंद्रात पुस्तके धुण्याची सोय करण्यात आली. ग्रंथालयाचे संचालक एमानुएले कासामास्सिमा यांनी चिखलात उभे राहून जी शिस्त लावली, आणि पीटर वॉटर्स व त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी जी पद्धत घालून दिली, ती पुढे जगभर गेली: आधी नासाडी थांबवा, बांधणीचे नंतर पाहू, कोणते पुस्तक कोणत्या अवस्थेत आहे याची प्रत्येकाची चिठ्ठी ठेवा. ते काम दशकानुदशके चालले. त्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांवर कोणी चित्रपट काढला नाही.

आणखी एक शब्द आम्हांला खटकतो. चिमाबुएच्या क्रुसाला या पुराचा सर्वांत नामांकित ‘बळी’ म्हटले जाते. त्या दिवशी एक पांगळी वृद्धा तळमजल्यावरील आपल्या घरात, खिडकीच्या लोखंडी गजांआड अडकून, शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत बुडाली. बळी ती होती. फळीला बळी म्हणताना लेखणीने क्षणभर थांबावे एवढीच आमची अपेक्षा. क्रुसावरील ख्रिस्ताची त्याला हरकत नसती असे कोणी म्हणेल, आमची आहे.

आता त्या क्रुसाकडे वळू. सांता क्रोचे म्हणजेच पवित्र क्रूस. फ्रान्सिस्कनांच्या या मंदिरासाठी चिमाबुएने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रचंड क्रूस रंगविला. उंची साडेचार मीटरांच्या आसपास. बायझंटाईन परंपरेतील ख्रिस्त क्रुसावरही विजयी राजासारखा असे किंवा वेदना एखाद्या चिन्हासारखी धारण करी. चिमाबुएने त्या देहाला एक संथ बाक दिला, कटिवस्त्र इतके तलम रंगविले की त्यातून अंगाची कांती दिसावी, आणि वेदनेला शरीर दिले. जोत्तोकडे जाणारी वाट येथून निघते असे कलेतिहासकार म्हणतात ते यथार्थ आहे. मंदिराच्या संग्रहालयात असलेला हा क्रूस १९६६ साली पाण्यात बुडाला. लाकूड फुगले, वरचा रंग सुटला आणि रंगापैकी जवळजवळ साठ टक्के भाग निघून गेला. मुखाचा व देहाचा मोठा भाग नाहीसा झाला. चिखलाच्या पाण्यात तरंगणारे रंगाचे कण गाळण्यांनी टिपण्यात आले. पुढे क्रूस पित्ती राजवाड्याच्या बोबोली उद्यानातील लिंबूगृहात हलविण्यात आला. तेथे हवेतील दमटपणा हळूहळू उतरवीत कित्येक भिजलेली फलकचित्रे सुकविण्यात आली. अखेर उरलेला रंग त्याखालच्या कापडासह लाकडापासून सोडवून घ्यावा लागला, आणि लाकूड स्वतंत्रपणे वाळून मूळ मापावर यायला काही वर्षे गेली.

मग प्रश्न आला तो रिकाम्या जागांचा. सुज्ञ वाचकांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या जागी काय होते हे ठाऊक नव्हते असे नाही. पुरापूर्वीची छायाचित्रे होती. आरेझ्झो येथील सान दोमेनिको मंदिरात चिमाबुएचाच त्याआधीचा क्रूस शाबूत होता. एखाद्या कुशल चित्रकाराने छायाचित्रांवरून ख्रिस्ताचे मुख पुन्हा रंगविले असते तर दहा पावलांवरून फरक कळला नसता, आणि वृत्तपत्रांनी ‘क्रूस पूर्ववत’ असे मथळे दिले असते. उंबेर्तो बाल्दिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केले नाही. माहिती हाताशी असूनही त्यांनी नकार दिला. त्या अवघ्या लोकोद्योगातील हा नकार आम्हांला सर्वांत मोठा वाटतो.

या नकाराला आपल्या भाषेत एक थोर पूर्वज आहे. एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची पोथी शुद्ध केली. तीनशे वर्षांत लेखकांच्या हातून शिरलेले पाठ त्यांनी निवडून काढले, आणि यापुढे कोणी या ग्रंथात आपली ओवी घालू नये अशी कडक समज देऊन ठेवली. एकनाथ स्वतः ओवीचे सम्राट. ज्ञानदेवांच्या शैलीत दहा ओव्या जोडणे त्यांना काय अवघड होते? ज्याला जोडता येते त्यानेच जोडू नये म्हणण्यात अर्थ आहे. आम्हां मराठी ख्रिस्ती वाचकांना हे अधिक जाणवावे. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली प्रथम छापले गेले, त्याच शतकात आणखी दोनदा छापले गेले, आणि त्या छापील प्रतींपैकी एकही आज आपल्या हाती नाही. जे आहे ते हस्तलिखितांतून आलेले आहे. ज्या समाजाचा आद्यग्रंथ नकलाकारांच्या हातून आला आहे, त्याने नकलाकाराच्या सचोटीची किंमत जाणली पाहिजे.

आम्ही ती जाणली नव्हती. हे सांगताना संकोच होतो, पण टीकाकाराने आपले हात आधी दाखवावेत. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत जो प्रलय झाला, त्या वेळी आम्ही उपनगरातील एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. कार्यालयात पाणी शिरले. खालच्या खणातील बाप्तिस्म्याची एक जुनी नोंदवही दोन दिवस पाण्यात राहिली. धर्मग्रामातील तरुण धावून आले. आमचेही देवदूतच ते. बाहेर पाऊस थांबत नव्हता, म्हणून कोणी पंख्याखाली पाने पसरली, कोणी घरून इस्त्री आणली. चिकटलेली पाने ओढून वेगळी करण्यात आली. शाई पसरलीच होती, ती आणखी पसरली. पुढच्या वर्षी आम्ही नवी वही घेतली आणि सुवाच्य अक्षरात सारे उतरवून काढले. जेथे नाव पुसले होते तेथे वडीलधाऱ्यांना विचारले, कुळे जुळविली, तर्क केला आणि लिहिले. त्याच शाईत, त्याच अक्षरात. समासात एक खूणही केली नाही. जुन्या वहीला बुरशी लागली होती. ती आम्ही जाळून टाकली. सर्वांनी शाबासकी दिली, आणि आम्हीही अहवालात ‘नोंदवही पूर्ववत करण्यात आली’ असे लिहिले. काही वर्षांनी एक बाई आपल्या आईचा पुरापूर्वी घेतलेला दाखला घेऊन आली. आमच्या वहीत तिच्या आईच्या नावापुढे त्याच आठवड्यात बाप्तिस्मा झालेल्या दुसऱ्याच मुलीची तारीख आणि धर्ममातापिता होते. चूक दुरुस्त करणे सोपे होते. कठीण ते पुढचे होते: त्या पानांवरील मूळची नोंद कोणती आणि आमच्या तर्काची कोणती, हे आता आम्हांलाही सांगता येत नव्हते.

असो. रिकाम्या जागेचे करायचे काय, याविषयी इटलीत त्याआधीच विचार झालेला होता. रोमच्या केंद्रीय जीर्णोद्धार संस्थेचे संस्थापक चेझारे ब्रांदी यांनी नियम घालून दिला होता की नवी भर जवळून पाहणाऱ्याला भर म्हणूनच ओळखू आली पाहिजे. म्हणून बारीक उभ्या रेषांनी रिकामी जागा भरण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. दुरून रेषा मिसळतात आणि चित्र सलग दिसते. जवळ गेले की रेषा रेषाच राहतात. चिमाबुएच्या क्रुसावर मात्र रिक्त भाग इतका मोठा होता की बाल्दिनी व ओर्नेल्ला कासाझ्झा यांनी निराळी वाट काढली. उरलेल्या चित्रातील एकंदर रंगांची गोळाबेरीज करून त्यांनी निवडक रंगांच्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांचे जाळे विणले. त्यात आकार नाही, अवयव नाही. आहे तो केवळ एक रंगभाव. या पद्धतीला त्यांनी रंगांचे अमूर्तन असे नाव दिले.

काही वर्षांपूर्वी आम्हांला सांता क्रोचेच्या सक्रिस्तीत हा क्रूस पाहण्याचा योग आला. आज तो तेथे उंचावर टांगलेला आहे. आम्ही जखम पाहण्याच्या तयारीने गेलो होतो. दिसले ते एक तपकिरी-सोनेरी धुके. ज्या ठिकाणी मुख नाहीसे झाले आहे तेथे नजर अडखळत नाही, घसरून पुढे जाते. रेषांच्या जाळ्याने रिकाम्या जागेचा तीव्रपणा शमविला आहे, आणि नेमके तेच आम्हांला खुपले. जवळून ही पद्धत पूर्ण प्रामाणिक आहे. तिने खोटा डोळा रंगविला नाही, खोटे रक्त काढले नाही. परंतु दुरून ती हानीला सुसह्य करते. चौदा-पंधरा मिनिटे त्या क्रुसाखाली उभे राहून आम्ही स्वतःला विचारीत होतो की येथे काय गमावले ते आम्हांला दिसते आहे काय. उत्तर होकारार्थी येईना. शिवाय अमूर्तन ही त्या काळाची आवडती कलाभाषा होती. रंगकर्मी गप्प राहायचे म्हणतो आणि आपल्या काळाच्या आवाजात गुणगुणतो, असा हा प्रकार आहे. दुरुस्त झालेला क्रूस पुढे ओलिवेत्ती कंपनीच्या आश्रयाने परदेशी फिरला. १९८२ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आणि १९८३ साली लंडनच्या रॉयल अकादमीत तो मांडला गेला. ज्याच्यापुढे गुडघे टेकायचे त्याच्याभोवती तिकीट काढून फिरायचे, हे पाहून धर्मगुरूच्या कपाळावर आठी पडणारच. ती आमची मर्यादा समजावी.

यापेक्षा समाधानकारक उत्तर आम्हांला असिसीत मिळाले, आणि योगायोग असा की तेथेही चिमाबुएच होता. २६ सप्टेंबर १९९७ रोजी उंब्रियात रात्री अडीचच्या सुमारास भूकंपाचा धक्का बसला. सकाळी नुकसानीची पाहणी करण्यासाठी काही जण संत फ्रान्सिसच्या वरच्या मंदिरात असताना ११ वाजून ४२ मिनिटांनी दुसरा धक्का आला आणि छताच्या कमानी कोसळल्या. फ्रान्सिस्कन समुदायातील दोघे आणि दोन तंत्रज्ञ असे चौघे तेथे मृत्यू पावले. छताबरोबर चिमाबुएने रंगविलेला संत मत्तय आणि तरुण जोत्तोचा मानला जाणारा संत जेरोम हे दोघे चुनागच्चीच्या ढिगाऱ्यात मिसळून गेले.

अग्निशामक दलाच्या जवानांनी व स्वयंसेवकांनी तो ढिगारा टाकून दिला नाही. तो बाहेर आणून चाळला आणि त्यातून चित्राचे लाखो तुकडे वेचले. त्यांतले कितीतरी नखाएवढे होते. मूळ आकाराची छायाचित्रे मेजांवर अंथरून त्यांवर एकेक तुकडा आपल्या जागी बसविण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. मंदिर १९९९ च्या नोव्हेंबरात पुन्हा उघडले. संत जेरोम आधी परतला, संत मत्तय २००६ साली. मात्र हा परतलेला मत्तय पूर्वीचा मत्तय नाही. खाली उभे राहून मान वर केली की रंगीत तुकड्यांची बेटे दिसतात आणि त्यांच्यामध्ये फिकट, उगी राहिलेला गिलावा. जे सापडले ते बसविले, जे सापडले नाही तेथे काही म्हटले नाही. चित्र म्हणून ते फ्लॉरेन्सच्या क्रुसाहून तुटक आहे, डोळ्यांना त्रास देणारे आहे. आम्हांला ते अधिक खरे वाटते. चौघांच्या मृत्यूची जागा कोणती, हे छताकडे पाहून अजून कळते.

मग भर घालणे सदैव वर्ज्यच काय? नाही, आणि याचे उत्तर पुन्हा सांता क्रोचेतच आहे. १५४६ साली जोर्जो वासारीने रंगविलेले ‘शेवटचे भोजन’ हे पाच फळ्यांचे विशाल चित्र त्याच दिवशी, त्याच संग्रहालयात बुडाले आणि बारा तासांहून अधिक काळ पाण्यात राहिले. याच वासारीने आपल्या कलावंतचरित्रांचा आरंभ चिमाबुएपासून केला आहे. पुराने चरित्रनायक आणि चरित्रकार दोघांनाही एका पाण्यात घातले. १९६६ साली कोणीतरी समयसूचकतेने चित्राच्या दर्शनी भागावर कागद चिकटविला, त्यामुळे रंग जागीच राहिला. पण तो लाकडावर पुन्हा कसा बसवावा हे कोणालाच उमगत नव्हते. म्हणून चाळीस वर्षे चित्र तसेच कागदाखाली ठेवून देण्यात आले. या चाळीस वर्षांची कोणी कुचेष्टा केली तर आम्ही त्याच्याशी वाद घालू. येत नाही ते करू नये, आणि येईपर्यंत वस्तू सांभाळावी, हा संयम देवदूतांच्या धावपळीहून दुर्मिळ आहे. पुढे फ्लॉरेन्सच्याच ओपिफिचिओ देल्ले पिएत्रे दुरे या संस्थेतील कारागिरांनी गेटी प्रतिष्ठान व इतरांच्या साहाय्याने नव्या तंत्राने ते काम केले. येथे बहुतांश रंग वाचलेला असल्यामुळे लहानसहान जागा भरण्यात खोटेपणा नव्हता.

४ नोव्हेंबर २०१६ रोजी, पुराला बरोबर पन्नास वर्षे झाली तेव्हा, वासारीचे भोजन सांता क्रोचेत परत आले. या वेळी ते नुसते भिंतीवर टांगले नाही. मागे कप्पी आणि दोरांची योजना केली आहे. आर्नो चढते आहे अशी सूचना मिळाली की ते पाच फळ्यांचे चित्र पूररेषेच्या वर ओढून घेता येते.